'नेब्रास्का' सातवा? नाय पटलं

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अल्बमांची तुम्ही जी क्रमवारी लावलीत, त्या यादीत 'बॉर्न टू रन' पहिला ठेवलात ते समजू शकतो, पण 'नेब्रास्का' थेट सातवा? काहीही हं! १९८२ च्या जानेवारीत गडी न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात बसून साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर डेमो (कच्चा नमुना) म्हणून गाणी भरतो, मग ती कॅसेट बिनकव्हरची खिशात घालून फिरतो, बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून बघतो तर सगळा जीवच गेलेला, शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर काढतो. रात्री हेडफोन लावून ऐका एकदा. गिटार, माउथ ऑर्गन आणि मागे टेपची बारीक खरखर, बास.

माझ्या लेखी पहिला 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन' (१९७८), मॅनेजरशी कोर्टकचेरी चालल्याने जवळजवळ वर्षभर स्टुडिओचं दार बंद होतं त्याचा सगळा राग त्यात उतरलाय. दुसरा नेब्रास्का, मग बॉर्न टू रन. 'द रिव्हर' डबल (दोन रेकॉर्डचा) अल्बम आहे, त्यातली चारपाच गाणी गाळली असती तर अजून वर ठेवला असता. आणि १९९२ मध्ये एकाच दिवशी आलेले ते दोन अल्बम, 'ह्यूमन टच' आणि 'लकी टाउन', तळाला टाकलेत, त्याला मात्र फुल अनुमोदन :)