कर्ज पाच वर्षांचे, नियम किती वर्षांचा?

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई)

आमचा टीटीसी औद्योगिक क्षेत्रात प्लास्टिक पिशव्यांचा लहान कारखाना आहे. केंद्राच्या 2016 च्या नियमांत पिशवीची किमान जाडी 50 मायक्रॉन होती. ती 30 सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. त्याआधी 23 मार्च 2018 रोजी राज्याने बंदीची अधिसूचना काढली आणि 23 जूनपासून कारवाई सुरू झाली. 26 जुलै 2005 च्या पुरात तुंबलेले नाले आम्हीही पाहिले आहेत, त्यामुळे हेतूविषयी दुमत नाही. मात्र त्याच आकाराच्या 120 मायक्रॉनच्या पिशवीला 50 मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा जवळजवळ अडीचपट दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) लागतो, आणि तेवढा भाव द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. आता कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांसाठी पाच वर्षांच्या मुदत कर्जावर यंत्र घ्यायचा विचार आहे. नियम पुन्हा बदलण्याचा धोका हिशेबात कसा धरावा?

प्रतिसाद 1 (वागळे इस्टेट, ठाणे)

केंद्राने कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या जाडीच्या अटीतून वगळल्या म्हणजे राज्यातही त्या सर्रास विकता येतील, असे कृपया गृहीत धरू नका. राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेत त्यांना रोपवाटिका, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणी अशा कामांपुरतीच सूट होती. म्हणून गिऱ्हाईक कोण आणि ते माल कशासाठी वापरणार, हे आधी ठरवा व आजची राज्याची अट लेखी तपासून घ्या. यंत्र असे निवडा की डाय (साचा) बदलून त्यावर दुसरी फिल्मही, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्राही, निघेल. थोडे महाग पडले तरी हाच खरा विमा आहे. केंद्राचे असे नियम बहुधा आधी मसुदा म्हणून राजपत्रात येतात व हरकतींसाठी मुदत मिळते. 2021 च्या जाडीवाढीचा मसुदाही अंतिम नियमांच्या काही महिने आधी आला होता. आपण लहान उद्योजक तो वाचत नाही, आणि संघटनेकडे हरकत पाठवायला उशीर करतो.

प्रतिसाद 2 (ठाणे)

न्यायालयावर भिस्त ठेवू नका. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स प्रकरणात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विक्रीकर माफीचे वचन पाळायला लावले, पण तिथे स्पष्ट आश्वासन होते. जाडीची अट कायम राहील, असे तुम्हाला कोणीही सांगितलेले नाही.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. कर्जाच्या अर्जापूर्वी दोन रोपवाटिकांकडून लेखी मागणी घेतो आणि डाय बदलता येणाऱ्या यंत्राचेच दरपत्रक मागवतो. ती मागणी आली नाही, तर यंत्र घेणार नाही.