मदत हवी आहे: पुरानंतरच्या प्रार्थनासभेत काय वाचावं?

सर्वांना जय ख्रिस्त. आमचं गाव मांजरा नदीकाठचं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन तर गेलंच, काठच्या रानातली मातीही खरवडून गेली. पीक पुढच्या साली येईल, माती कुठून आणायची? यंदा ३० सप्टेंबरला, किल्लारी भूकंपाच्या (१९९३) दिवशी, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रार्थनासभा आहे आणि बोलायचं माझ्यावर आलंय.

अडचण अशी की, काही वडीलधारे या पुराला पापाची शिक्षा म्हणतात. मला पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते, असं येशू स्वतः सांगतो. पण लगेच पश्चात्तापाचंही बोलतो, आणि हे वडीलधारे नेमकं तेवढंच धरून बसतात! त्यांना कसं सांगू?

बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ वाचू का? गोठ्यात गुरं नाहीत तरी आनंद, हे ज्याची म्हैस वाहून गेली त्याला सांगणं मला तरी घाईचं वाटतं. त्यापेक्षा विलापाचं स्तोत्र? स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं. स्तोत्र १३ निदान भरवशावर येतं. ख्रिस्ती नसलेले शेजारीही येणार आहेत, त्यांना प्रचार वाटायला नको.

दुःखाच्या वेळची मराठी उपासना-गीतंही सुचवा. आमच्याकडं पेटी आणि ढोलकी आहे.