आरटीईत (शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांत) लेकीला नर्सरी लागली, घरात दोन मतं. काय करू?

चिमणीची_आई: लेकीचं नाव सोडतीत लागलंय. शाळा अडीच किमीवर. सासूबाई म्हणतात, "बंगलेवाल्यांच्या पोरांत बुजेल, शेजारची अंगणवाडी बरी." हे म्हणतात, जागा सोडायची नाही. फी माफ आहे, पण वरखर्चाला महिना ६०० च्या वर निघत नाहीत. शाळेत काय विचारू?

पेठकर७: स्कूलबस लावा. १,८०० जातील, पण निर्धास्त.

चिमणीची_आई: ६०० लिहिलंय दादा.

खडूफळा: आधी पडताळणी समिती, म्हणजे कागद तपासणारे. मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. भाड्याचं घर असेल तर करार नोंदणीकृत आणि अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा हवा, नोटरीचा चालत नाही. अर्जातल्या नकाशावरची खूण घरावरच आहे ना बघा, अंतर चुकीचं निघालं की प्रवेश जातो. मेसेजच्या भरवशावर राहू नका, आरटीईच्या पोर्टलवर बघा.

सातारी_बाणा: एक किमीत सरकारी शाळा असली की आता खासगी मिळतच नाही.

खडूफळा: ती ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना. उच्च न्यायालयाने १९ जुलैला रद्द केली.

बालवाडीताई: सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. पण तीन वर्षांचं पोर फी बघत नाही, शेजारचा डबा बघतं. वारानुसार डबा ठरलेला आहे का विचारा: सोमवारी पोळीभाजी तर सगळ्यांना पोळीभाजी. वाढदिवसाला केक, रिटर्न गिफ्ट चालतं का? आणि 'शू लागली' मराठीत सांगितलं तर बाईंना चालतं का? सुरुवातीची बरीचशी रडारड तिथेच असते. वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ सांगितली तर लेखी मागा, नियमात बसत नाही.

पेठकर७: गॅदरिंगचा ड्रेस राहिला. ७०० भाडं, वर बाही उसवलेली.

टाकळीकर: फुकट शिकायचं वर अटी! आमच्या फीवर चाललंय सगळं.

खडूफळा: पहिली ते आठवी या मुलांच्या फीची भरपाई शासन शाळेला देतं, मुलामागे वर्षाला कमाल १७,६७०. थकवतं, हे खरं. ताई, आठवीनंतर मात्र पूर्ण फी लागते.

सातारी_बाणा: नर्सरी सोडा, पहिलीला अर्ज करा.

बालवाडीताई: नको! नर्सरीपासूनच्या शाळेत २५ टक्के जागा नर्सरीलाच भरतात. पहिलीला उरली तर उरली.

चिमणीची_आई: जाऊन आले. डबा ठरलेला आहे, केक बंद, बाई मराठी बोलतात. पण व्हॅन १,२०० आणि शाळा सुटते साडेअकराला, आणायला घरात कोणी नाही. अंगणवाडीत गरम जेवण आहे, सासूबाई चालत आणतील. तिथेच घालतेय.

बालवाडीताई: अहो, जागा जाईल!

पेठकर७: बसचं मी आधीच म्हणालो होतो.