प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत

रात्रजागर

नऊ महिन्यांपूर्वी नवऱ्याला मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात आणि पाय अजून साथ देत नाहीत, आणि वाचा गेली. समजतं सगळं. बोलायला जातात तेव्हा मात्र एकच शब्द बाहेर पडतो, "तेच." पाणी हवं असलं तरी "तेच", राग आला तरी "तेच". आपण काय बोललो ते त्यांना ऐकू येतं आणि डोळे भरून येतात. बावीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस आहे हो तो.

रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. पहाटे चारच्या फेरीनंतर झोप येत नाही. तेव्हा प्रार्थनेला बसते, लहानपणापासूनची सवय. पण हल्ली डोळे मिटले की मनात गोळ्यांच्या वेळा, उरलेल्या रजा आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंचा फोन आला की नाही, एवढंच फिरतं. देवाला सांगायला एक वाक्य सापडत नाही. मागायचं तर काय मागू? नऊ महिने तेच मागून झालं.

भेटायला येणारे म्हणतात, देव परीक्षा बघतोय. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण ते गेल्यावर मला दार लावून घ्यावंसं वाटतं. माझी श्रद्धा गेली का? की ती कधी नव्हतीच, फक्त दिवस चांगले होते? ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी नेमकं काय केलं, ते सांगा. पुस्तकांची नावं नकोत.

जुना_वाटसरू

ताई, माझी पत्नी चार वर्षं आजारी होती आणि गेली. दुसऱ्या वर्षी मी प्रार्थना सोडली. सोडली म्हणजे काय, भांडायला लागलो. रोज मोठ्याने. "तू आहेस तर बोल" असं म्हणायचो. फार पुढे लक्षात आलं की ज्याच्याशी मी रोज भांडत होतो, तो नाही असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं.

तुकाराम महाराजांचंच बघा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते गेलं, बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. त्यानंतरची त्यांची वाणी नुसती शांत समाधानाची नाही. तिच्यात तक्रार आहे, विठ्ठलाला जाब विचारणं आहे, रुसणं आहे. आपण ते अभंग गोड चालीत म्हणतो, म्हणून त्यातलं भांडण ऐकू येत नाही.

आणि मदर तेरेसा. त्यांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. कितीतरी दशकं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, सगळा अंधार होता, असं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना कळवलेलं आहे. बाहेर काम चालूच होतं. माझा धर्म वेगळा, पण ते वाचून मी रडलो होतो. जाणवत नाही म्हणजे श्रद्धा गेली, हा हिशेब मी त्या दिवशी सोडला. तुम्ही दोन वाजता उठता, चार वाजता उठता. मला तरी त्यात श्रद्धाच दिसते.

दुसरी_बाजू

मी देव मानत नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. वडिलांचं आजारपण मी एकट्याने काढलं, तेवढ्यावरून लिहितो.

नऊ महिने सलग झोप मोडतेय. अशा शरीरात कसलीच उमेद उगवत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी उठायला हवं. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ नेमून द्या. मी हे फार उशिरा शिकलो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगा. त्यांच्याबद्दलही विचारा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

शब्दसखी

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमचं "तेच" वाचून थांबले. 1861 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली, त्याच्या तोंडूनही एकच शब्द निघायचा, "टॅन". समजायचं त्यालाही. म्हणजे तुमच्या यजमानांचं हे हरवलेपण वैद्यकाला फार जुनं माहीत आहे. आम्ही त्याला वाचाघात म्हणतो.

आता एक गोष्ट करून बघा. नवं वाक्य जुळवणं आणि तोंडपाठ असलेलं म्हणणं, ही दोन कामं मेंदू एकाच वाटेने करत नाही. स्वतःचं नाव सांगता न येणारी माणसं एक ते दहा अंक म्हणतात, गाणं म्हणतात, लहानपणीची प्रार्थना म्हणतात. मी हे अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी अंगावर काटा येतो. सुरांच्या आधाराने बोलणं परत आणण्याची एक उपचारपद्धत 1973 पासून आहे.

दोघांनाही पाठ असलेली प्रार्थना घ्या. त्यांच्या समोर बसा, ओठ दिसू देत. संथ चालीत, त्यांच्या डाव्या हातावर ताल धरून म्हणा आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा. दहापर्यंत मनात मोजा. आला नाही तर आपण म्हणून पुढे जा, चेहऱ्यावर काही दाखवू नका. पाहुण्यांसमोर कधीही करून दाखवायला लावू नका. आणि हे आलं म्हणजे वाचा आली असं नाही, ते पुढचं काम त्यांच्या थेरपिस्टबरोबर चालूच ठेवा.

तुम्हाला शब्द सापडत नाहीत म्हणालात ना? तुम्हीही पाठ असलेलेच घ्या की.

रात्रजागर

बारा दिवसांनी लिहितेय. माझ्या बहिणीला मंगळवार आणि शनिवारची रात्र दिली. मागताना लाज वाटली, ती म्हणाली, कधीची वाट बघत होते.

प्रार्थना रोज संध्याकाळी म्हणतोय. पहिले पाच दिवस ते नुसते माझ्या ओठांकडे बघत होते. सहाव्या दिवशी तिसऱ्या ओळीला मी थांबले, मनात सातपर्यंत मोजलं आणि त्यांनी तो शब्द म्हटला. अर्धवट, पण तोच. आम्ही दोघंही पुढची ओळ विसरलो.

त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. काल पुन्हा दोन शब्द. बाकी दिवसभर "तेच" आहेच. मी त्यांना शब्द यावा म्हणून म्हणत होते, त्यामुळे आपण रोज प्रार्थना करतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परवा बहिणीने सांगितलं तेव्हा कळलं.

जुना_वाटसरू, पहाटे चारला मी भांडलेही. आज बुधवार, फेरी माझी आहे.