मनःस्वास्थ्याच्या मराठी ॲपमध्ये एआयला नेमकं काय काम द्यावं?

कागदी_होडी
रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवणाऱ्या मराठी ॲपचं डिझाइन करतेय. सकाळी एक प्रश्न, रात्री चार-पाच ओळींची नोंद आणि त्या नोंदीवर एआयशी गप्पा, असा सध्याचा आराखडा आहे. वापरणारे १८ वर्षांवरचे, फोन बहुतेक ४ जीबी रॅमचे अँड्रॉइड. तीन ठिकाणी अडलंय. गप्पांत एआयला किती मोकळं सोडायचं? कुणी जीव देण्याची भाषा केली तर स्क्रीनवर काय यावं? आणि ‘सलग इतके दिवस’ असा आकडा हवाच, असा क्लायंटचा हट्ट आहे. त्याला पर्याय काय देऊ?

सव्वाशहाणा
शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे. आकडा काढा. ज्या दिवशी माणसाला अंथरुणातून उठवत नाही, नेमका त्याच दिवशी तो शून्यावर येतो. त्याऐवजी महिन्याचं पान दाखवा: नोंद असलेले दिवस रंगीत, बाकीचे कोरे, ‘चुकलं’ हा शब्द कुठेही नाही. नोंदीची आठवण (नोटिफिकेशन) दिवसाला एकच आणि वेळ वापरणाऱ्याने निवडलेली. लागोपाठ तीनदा उघडली नाही तर आपोआप आठवड्यातून दोनवर आणा. लॉक स्क्रीनवर ‘आज उदास वाटतंय का?’ असलं काही नको. आपल्याकडे फोन घरात चार हातांतून फिरतो. ‘नोंद करायची?’ एवढं पुरे.

क्लायंटला आकडाच हवा असेल तर डब्ल्यूएचओ-५ ही मनःस्वास्थ्याची छोटी प्रश्नावली द्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकी ० ते ५ गुण, बेरीज गुणिले ४ म्हणजे शंभरपैकी गुण. ५० च्या खाली गेले तर तज्ज्ञाला भेटायला सुचवायचं. दोन आठवड्यांतून एकदाच विचारा, रोज नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली लावणार असाल तर नववा, म्हणजे मरणाच्या विचारांचा प्रश्न वेगळा हाताळा: तिथे ० सोडून काहीही उत्तर आलं की एकूण बेरीज कितीही असो, मदतीचा पडदा (स्क्रीन) यायलाच हवा. नुसती बेरीज तपासून पुढे ढकलणारे फॉर्म सर्रास दिसतात. आणि या प्रश्नावल्यांचं भाषांतर एआयकडून करून घेऊ नका. शब्द बदलले की गुणांच्या मर्यादा लागू राहत नाहीत. तपासलेली मराठी आवृत्तीच वापरा.

तिसरा_चष्मा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. धोक्याच्या वेळचं उत्तर एआयने रचायचंच नाही. ते मानसोपचार तज्ज्ञाकडून आधी लिहून घ्यायचं, चार ओळींचं. मेसेज एआय मॉडेलकडे जाण्याआधी दोन चाळण्या लावा: पहिली शब्दप्रयोगांची यादी, दुसरी छोटा वर्गीकारक, म्हणजे वाक्यात धोका आहे की नाही एवढंच ठरवणारं छोटं मॉडेल. नुसती यादी मराठीत हमखास फसते. ‘हसून हसून मेलो’, ‘भुकेने जीव चाललाय’, ‘मरू दे ते’ हे सगळं पकडलं जातं आणि ‘आता कुणाला माझा त्रास होणार नाही’ हे सुटतं, कारण त्यात मरणाचा शब्दच नाही. अर्धे लोक रोमन लिपीत टाइप करतात, तेही एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं करून. निदान ३०० वाक्यांचा चाचणी-संच करा: एक तृतीयांश खरा धोका, एक तृतीयांश नुसती बोलण्याची पद्धत, उरलेली संदिग्ध. कितपत शंका आली की इशारा द्यायचा, हा उंबरठा ठरवताना खऱ्या धोक्याचं वाक्य सुटणं हे खोटा इशारा देण्यापेक्षा फार महाग धरा. शेवटचा मेसेजच नव्हे, मागचे पाच-सहा एकत्र तपासा. माणूस हे तुकड्यातुकड्यांनी सांगतो.

पडद्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोठ्या बटणात. सेवा मोफत आहे, २४ तास चालते, मराठीतही बोलता येतं. बटण दाबल्यावर नंबर डायलरमध्ये भरून यावा, कॉल थेट लागू नये. थेट कॉलला वेगळी परवानगी लागते आणि ऐन वेळी माणूस त्या खिडकीत अडकतो. नंबर ॲपमध्येच साठवा, सर्व्हरवरून आणू नका. लिहिण्याची चौकटही बंद करू नका. बोलायला आलेल्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

उलटी_गंगा
पहिल्या प्रश्नावर माझं मत कडक आहे: मोकळ्या गप्पा नकोतच. १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ वायझेनबॉम यांचा गप्पा मारणारा प्रोग्राम, एलायझा, माणसाचंच वाक्य प्रश्न करून परत फेकायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत. आजची मॉडेल त्याहून गोड बोलतात, हीच अडचण. ‘सगळे माझ्या विरुद्ध आहेत’ म्हटलं की ‘हो, असं वाटणं साहजिक आहे’ म्हणत ती गाठ पक्की करतात. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या नीडा संस्थेने मे २०२३ मध्ये आपला टेसा चॅटबॉट बंद केला. तो त्याच रुग्णांना वजन कमी करण्याचे सल्ले देत होता. मुळात ठरावीक उत्तरांचा होता, एआय मागाहून जोडलं गेलं.

एआयला पडद्यामागे ठेवा. नोंदीतून झोप, काम, घर असे विषय ओळखणं, आठवड्याचा तीन ओळींचा गोषवारा आणि तज्ज्ञाने लिहिलेल्या ४०-५० सरावांतून एक निवडणं. गोषवाऱ्याच्या प्रत्येक ओळीला मूळ नोंदीची तारीख जोडा, म्हणजे एआयने मनचं घातलं तर लगेच दिसेल.

कागदी_होडी
हे सगळं फोनवरच चालेल का? नोंदी सर्व्हरवर पाठवायच्या जिवावर आलंय.

तिसरा_चष्मा
गोषवारा नाही. चार अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आतल्या आकड्यांचं) मॉडेल दाबून ४ बिटांत आणलं तरी अडीच जीबीच्या आसपास जातं. ४ जीबीच्या फोनवर अँड्रॉइड ते मधेच बंद पाडेल. वर्गीकारक मात्र १००-१५० एमबीत बसतो, तो फोनवरच ठेवा म्हणजे नेट नसतानाही धोका ओळखला जाईल. गोषवाऱ्यासाठी नावं, गावं, नंबर आधी फोनवरच झाकून मगच मजकूर पाठवा, तोही दर वेळी विचारून. ‘काका’, ‘ताई’ अशी नाती झाकू नका, नाहीतर गोषवाऱ्याला अर्थ उरत नाही.

उलटी_गंगा
एक राहिलं. मजकूर ‘तुम्ही’त लिहा. ‘तू थकलास’ की ‘थकलीस’ हे ॲपला ठाऊक नसतं आणि मॉडेल बहुतेकदा पुरुष धरून चालतं. ‘तुम्ही थकलात’ सगळ्यांना चालतं. ॲपनेही स्वतःला ‘मी समजू शकतो’ म्हणू नये. ‘नोंद झाली’ म्हणावं.

सव्वाशहाणा
‘तुम्ही’ला अनुमोदन. फक्त सरावांच्या सूचनांत ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ची भेसळ तपासा. मजकूर दोघातिघांनी लिहिला की ती होतेच.