लाल काचेचे मिनाकारी पेले : वय कसे ओळखावे?

प्रश्न
पंचवटीतील आमच्या जुन्या वाड्यात गडद लाल काचेचे पेले आहेत. काठाखाली सोनेरी रुंद पट्टा असून त्यावरची पांढरी-गुलाबी मिन्याची (काचेवर वितळवून बसवलेल्या रंगाची) फुले बोटाला उंच लागतात. आजोबांनी ते मुंबईच्या लिलावात घेतले, एवढेच घरात ठाऊक आहे. भांडी बाजारातील एका दुकानदाराच्या मते ते व्हेनिसचे आणि चारशे वर्षांपूर्वीचे आहेत. हे संभवते का? शिवाय ते स्वच्छ कसे करावेत?

प्रतिसाद १
चारशे वर्षांचा दावा मला पटत नाही. आगीच्या धोक्यामुळे व्हेनिसच्या काचभट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवण्यात आल्या आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास मुरानोचे काचकार आंजेलो बारोविएर यांच्या नावाशी जोडली जाणारी ‘क्रिस्ताल्लो’ ही जवळजवळ रंगहीन काच आल्यावर तेथील मिनाकारी खऱ्या अर्थाने बहरली. परंतु सोळाव्या शतकातच व्हेनिसच्या रसिकांची आवड साध्या, पारदर्शक काचेकडे वळली. म्हणजे दुकानदार सांगतात त्या काळात ही कला तेथे ओसरलेली होती. जुन्या नमुन्यांना पुन्हा मागणी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साल्व्हियाती यांच्यासारख्या कारखानदारांमुळे. लाल काच, रुंद सोनेरी पट्टा आणि उठावदार फुले ही जोडी विसाव्या शतकात मुरानोतून पर्यटकांसाठी भरपूर बनली. तेवढ्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही.

भिंगातून सोने अवश्य पाहावे. जुन्या कामात सोन्याचा वर्ख चिकटवून सुईने खरवडीत व त्यावर मिन्याचे ठिपके देऊन पेला पुन्हा भट्टीत धरीत. त्यामुळे वर्खाच्या कडा व बारीक भेगा दिसतात. एकोणिसाव्या शतकात आलेले, रंगासारखे लावून भाजले जाणारे द्रवरूप सोने मात्र सलग आणि आरशासारखे चकचकीत असते.

प्रतिसाद २
स्वच्छतेबाबत कळकळीने सांगतो : तांब्या-पितळेला लावतो तशी चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर या पेल्यांना कदापि लावू नये. मिना कमी उष्णतेवर वितळावा म्हणून त्यात बहुधा शिसे मिसळलेले असते. आम्लाने तो निस्तेज होतो आणि शिसे बाहेर पडते. म्हणून त्यातून कोकम सरबतही पिऊ नये. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ सुती कापड पुरेसे आहे. मात्र सोनेरी पट्ट्यावर घासू नये. पावसाळ्यात बंद फडताळाची हवा फार दमट होते आणि क्षार जास्त असलेल्या काचेला अशा हवेत ओल सुटते, म्हणून पेले अधूनमधून बाहेर काढून तपासावेत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. भिंगातून पट्टा सलग आणि चकचकीत दिसतो. भेगा कोठेही नाहीत. तळाशी मधोमध मात्र खरबरीत गोल व्रण आहे.

प्रतिसाद १
तो व्रण पेला लोखंडी सळईवर धरून घडवल्याचा आहे. हातकामाचा तो पुरावा होय, परंतु वयाचा नव्हे, कारण मुरानोत आजही तसेच काम चालते. सोने द्रवरूप दिसत असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मागे जाण्यास आधार उरत नाही. लिलावाची पावती घरात कोठे सापडल्यास ती अवश्य जपावी. तिच्यावरची तारीख दुकानदाराच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरेल.