प्रतिसाद: एक संथ प्रवासही यादीत हवा

प्रवासावरच्या सिनेमांच्या यादीसाठी सगळ्यांनी बुलेट आणि जीपवरचे सिनेमे सुचवलेत. मी एक अगदी संथ सुचवतो, दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा १९९९चा 'द स्ट्रेट स्टोरी'.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले ७३ वर्षांचे आल्विन स्ट्रेट. नजर अधू, लायसन्स नाही आणि दूर विस्कॉन्सिनमध्ये अबोला धरलेल्या भावाला पक्षाघाताचा झटका आलेला. मग गवत कापायच्या यंत्रामागे ट्रेलर जोडून आजोबा निघतात, ताशी जेमतेम ८ किलोमीटरने! १९९४मध्ये हा प्रवास खरंच घडला होता, शूटिंगही त्याच वाटेवर झालं. रात्री शेकोटीपाशी ते घरातून पळालेल्या मुलीला काटक्यांच्या मोळीची गोष्ट सांगतात, तिथे माझा गळा दरवेळी दाटून येतो.

हा पाहिल्यापासून कोकणात जाताना मी हायवे सोडून सागरी रस्ता धरतो. फेरीबोटीसाठी जेट्टीवर तासभर थांबावं लागलं तरी चालतं.